ग्रुप शेवटी, रस्ता आधी: ऑप्टिकल नोड दुरून हाताळण्यासाठी लॉगिन ग्रुप कसा बांधायचा

"सर, ग्रुप केला. अकराच्या अकरा नोडचे आयपी टाकले. तरी सहा नोड करडेच दिसतायत."

हा फोन इतक्या वेळा आलाय, की आता मी उलट एकच विचारतो, "अकरा कशाला टाकलेस?" पलीकडे शांतता असते. ग्रुपमध्ये नाव घातलं म्हणजे नोड जोडला गेला, अशी पक्की समजूत असते. तसं होत नाही. लॉगिन नोड ग्रुप ही तुमच्या लॅपटॉपवरची पत्त्यांची यादी आहे. जिथवर रस्ता आहे तिथवर ती तुम्हाला एका दमात नेते. रस्ता नसेल तर यादी कितीही लांब करा, नोड करडाच, म्हणजे न जोडलेलाच राहणार.

हा लेख सिस्कोच्या ओएनएस १५४५४ शेल्फ (फायबरवरून डेटा पाठवणारं यंत्र, जाळ्यातला एक नोड) आणि ते लॅपटॉपवरून हाताळायच्या सीटीसी प्रोग्रॅमबद्दल आहे. एनसीएस २००० मालिकेतही सीटीसीच वापरतात, त्यामुळे विचाराची दिशा तिथेही चालेल. मेनूतली नावं मात्र आवृत्तीनुसार थोडी इकडेतिकडे होतात.

समजावण्यासाठी एक काल्पनिक जाळं घेऊ. कंट्रोल रूम पुण्यात. पहिली रिंग पुणे, सातारा, कराड, कोल्हापूर, सांगली, सोलापूर आणि परत पुणे, अशी. दुसरी सरळ साखळी नागपूर, वर्धा, अमरावती, अकोला. नाशिकला एक नोड एकटाच, कुणाशी फायबरने न जोडलेला. एकूण अकरा नोड. यातले पाचच पत्ते ग्रुपमध्ये जायचे आहेत. ते कोणते आणि का, हे चौथ्या टप्प्यापर्यंत कळेल.

## तयारी: लॅपटॉप उघडण्याआधी कागद

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. पुढचे टप्पे तासाभराचे असतात, पण इथली एक चूक रात्रभर जागवते.

आधी बेटं मोजा. ज्या नोडना एकमेकांशी बोलायला फायबरमधूनच वाट आहे, त्यांचं एक बेट. ही वाट म्हणजे नोडची आपसातली निरोपाची वाहिनी. फायबरवर डेटा पाठवायच्या पद्धतीनुसार तिचं नाव बदलतं: सॉनेट किंवा एसडीएच लिंकवर डीसीसी, ओटीएन ट्रंकवर जीसीसी आणि डीडब्ल्यूडीएम लिंकवर ओएससी, म्हणजे १५१० नॅनोमीटरची वेगळी देखरेख-तरंगलांबी. वरच्या जाळ्यात अशी तीन बेटं आहेत: पश्चिमेची रिंग, विदर्भाची साखळी आणि एकटं नाशिक.

मग एक तक्ता करा. प्रत्येक नोडसमोर नाव, आयपी, सबनेट मास्क, डिफॉल्ट राउटर, सॉफ्टवेअरची आवृत्ती, बेट आणि 'लॅनची वायर लागली आहे का' हा रकाना. शेवटचा रकाना कुणीच भरत नाही आणि घोडं नेमकं तिथेच पेंड खातं. हा रकाना फोनवर विचारून भरू नका. साइटवरच्या माणसाला टीसीसी कार्डाच्या (शेल्फचं नियंत्रण करणारं कार्ड) पुढच्या लॅन पोर्टचा फोटो पाठवायला सांगा. "वायर आहे" असं उत्तर आलं आणि ती वायर शेजारच्या रेक्टिफायरच्या मॉनिटरची निघाली, हे मी पाहिलंय.

पत्त्यांचा प्लॅन असा ठेवला:

- पुणे १०.२०.१.११ आणि कोल्हापूर १०.२०.४.११. हे दोन रिंगचे दरवाजे, म्हणजे बाहेरून बेटात शिरायचे नोड.
- रिंगमधले बाकीचे चार नोड १९२.१६८.६०.० या सबनेटमध्ये.
- नागपूर १०.२०.७.११ आणि अकोला १०.२०.१०.११. हे साखळीच्या दोन टोकांचे दरवाजे.
- वर्धा आणि अमरावती १९२.१६८.७०.० मध्ये.
- नाशिक १०.२०.१२.११.
- कंट्रोल रूममधले पीसी १०.२०.०.० मध्ये, सगळीकडे मास्क २५५.२५५.२५५.०.

दोन वेगळ्या बेटांतल्या आतल्या नोडना तेच खासगी पत्ते देण्याचा मोह होतो, कारण ते दरवाज्याच्या आत असतात. तरीही देऊ नका. उद्या कुणीतरी सोलापूर आणि अकोल्याच्या मध्ये फायबर टाकेल, दोन बेटांचं एक होईल आणि डुप-आयपीॲडर हा अलार्म पडद्यावर येऊन बसेल.

सॉफ्टवेअरच्या आवृत्तीचा रकाना शोभेचा नाही. सीटीसी तुमच्या लॅपटॉपवर येतो तो तुम्ही ज्या नोडवर लॉगिन करता त्याच्याकडून. जुन्या आवृत्तीच्या नोडवरून लॉगिन केलं, तर नव्या आवृत्तीचे नोड त्या सीटीसीला नीट हाताळता येत नाहीत आणि इनकम्पॅटिबल-एसडब्ल्यू अलार्म येतो. लॉगिन नेहमी सगळ्यात नव्या आवृत्तीच्या नोडवरून. तो कोणता, हे तक्त्यावर ठळक लिहून ठेवा.

शेवटी बॅकअप. प्रत्येक नोडवर मेंटेनन्स, डेटाबेस, बॅकअप. फाइलच्या नावात नोड आणि तारीख. 'डेटाबेस१' नावाच्या अकरा फाइली काही कामाच्या नाहीत.

तपासा: तक्त्यात एकही रकाना रिकामा नाही. एकही पत्ता दोनदा आलेला नाही. एकाही नोडवर १९२.१.०.२ राहिलेला नाही. हा कारखान्यातून आलेला पत्ता आहे. तो दोन नोडवर राहिला तर दोघं एकाच पत्त्यावर भांडत बसतात.

## टप्पा १: प्रत्येक नोडची ओळख पक्की करा

नोड व्ह्यूमध्ये प्रोव्हिजनिंग, मग जनरल. इथे नोडचं नाव. नाव असं द्या की रात्री तीन वाजता झोपेतही कळावं. 'केओपी-०१' आणि 'केआरडी-०१' हे कोल्हापूर आणि कराड आहेत हे दिवसा कळतं, रात्री नाही. एकच नाव दोन नोडना गेलं, तर त्याचाही डुप-नोडनेम असा अलार्म आहेच.

मग प्रोव्हिजनिंग, नेटवर्क, जनरल. आयपी, मास्क, डिफॉल्ट राउटर. इथे 'अप्लाय' दाबल्यावर दोन्ही टीसीसी कार्डं एकामागोमाग रीबूट होतात. ग्राहकांचा ट्रॅफिक चालू राहतो, पण तुमचं लॉगिन तुटतं. तुटलं म्हणून घाबरून पुन्हा पुन्हा लॉगिन करत बसू नका. कार्डं स्थिर होऊ द्या, मग नव्या पत्त्यावर जा.

शेल्फच्या पुढच्या एलसीडीवरूनही पत्ता दिसतो आणि परवानगी असेल तर बदलताही येतो. ही सोय आधी उपयोगी पडते, नंतर धोक्याची ठरते. शेल्टरमध्ये साफसफाई करणाऱ्या माणसाने बटणं दाबून पत्ता बदलू नये, म्हणून काम झाल्यावर एलसीडीची सेटिंग 'फक्त दाखवा' यावर ठेवा. पूर्ण लपवू नका. साइटवरचा माणूस फोनवर पत्ता वाचून दाखवू शकला, तर अडचणीत अर्धं काम होतं.

इशारा: टीसीसी२पी कार्डात 'सिक्युअर मोड' आहे, ज्यात पुढच्या आणि मागच्या लॅनला वेगळे पत्ते मिळतात. तो 'लॉक' केला तर तुमच्या हातून परत उघडत नाही, सिस्कोच्या तांत्रिक मदतीकडे जावं लागतं. लेखी आदेश असल्याशिवाय त्या बटणाकडे बघूही नका.

## टप्पा २: आतली वाट, म्हणजे डीसीसी आणि ओएससी

प्रोव्हिजनिंग, कॉम चॅनल्स. इथे लिंकच्या दोन्ही टोकांना टर्मिनेशन करायचं, म्हणजे त्या पोर्टवर वाहिनी चालू करायची. एक टोक केलं आणि दुसरं राहिलं, की ईओसी अलार्म येतो. डीसीसीचे दोन प्रकार, एसडीसीसी आणि एलडीसीसी. एसडीसीसीला ईओसी, एलडीसीसीला ईओसी-एल, जीसीसीला जीसीसी-ईओसी. दुसरं टोक झालं की जायला हवा. दोन्ही टोकं करूनही अलार्म राहिला, तर आधी फायबर बघा. टीएक्स (पाठवायची बाजू) आणि आरएक्सची (घ्यायची बाजू) अदलाबदल हा जुनाच रोग आहे.

एसडीसीसी १९२ किलोबिट प्रति सेकंदाची आणि एलडीसीसी ५७६ किलोबिटची. दुसरी अर्थातच मोकळी. पण एकीवरून दुसरीवर जाताना एक क्रम पाळावाच लागतो आणि तो मी एकदा मोडलाय.

तेव्हा अशाच एका रिंगची सांगली-सोलापूर बाजू खोदकामात तुटलेली होती, म्हणजे रिंग होती तीच सरळ साखळी झाली होती. दरवाजा एकच, पुण्याला. मी पुण्यातून साताऱ्यात लॉगिन करून पुण्याकडच्या पोर्टवरची एसडीसीसी काढली. नवी एलडीसीसी घालण्याआधी. 'ओके' दाबलं आणि सातारा, कराड, कोल्हापूर, सांगली एकेक करून करडे झाले. ज्या फांदीवर बसलो होतो तीच कापली. पुण्याच्या टोकाला काहीही केलं तरी उपयोग नव्हता, कारण साताऱ्याच्या टोकाला उत्तर द्यायला काहीच उरलं नव्हतं. ट्रॅफिक मजेत चालू होता, त्यामुळे ग्राहकाला पत्ता नव्हता. साहेबांना होता. जुलैच्या पावसात खंबाटकी घाटात ट्रकच्या मागे रांगेत बसून मी साताऱ्याला पोचलो, टीसीसीच्या पोर्टला लॅपटॉप लावला आणि चार मिनिटांत काम झालं. जायला चार तास लागले होते.

बरोबर क्रम असा:

1. जुनी एसडीसीसी तशीच ठेवून त्याच पोर्टवर एलडीसीसी घाला. बदलाच्या काळापुरत्या दोन्ही एकत्र चालतात.
2. आधी दूरच्या टोकाला घाला, मग जवळच्या.
3. ईओसी-एल अलार्म गेल्याची खात्री करा.
4. मगच एसडीसीसी काढा, तीही दूरच्या टोकाची आधी.
5. दोन्ही तशाच ठेवून घरी जाऊ नका. ती कायमची मांडणी नाही.

डीसीसीवर ओएसपीएफ, म्हणजे नोडनी आपसात वाटा शोधायची पद्धत, आपोआप चालतं. त्याचा एरिया आयडी बेटातल्या सगळ्या नोडवर सारखाच हवा. लॅनकडे ओएसपीएफ चालू करणार असाल, तर लॅनचा एरिया आयडी डीसीसीच्या एरियापेक्षा वेगळा ठेवा. गेटवेची मांडणी करणार असाल तर लॅनकडे ओएसपीएफ चालूच करू नका.

तपासा: बेटातल्या कुठल्याही एका नोडवर लॉगिन केलं की नेटवर्क व्ह्यूमध्ये त्या बेटातले सगळे नोड आपोआप दिसले पाहिजेत. ग्रुप न करता. पुण्यावरून सहा, नागपूरवरून चार. कमी दिसले तर पुढे जाऊ नका. ग्रुपने हे दुरुस्त होणार नाही.

## टप्पा ३: दरवाजे ठरवा

आता दुरून आत यायचं कुठून, ते ठरवायचं. प्रोव्हिजनिंग, नेटवर्क, जनरलमध्ये गेटवे सेटिंग आहे. 'सॉक्स प्रॉक्सी चालू करा' यावर टिक केल्यावर तीन पर्याय येतात. प्रॉक्सी म्हणजे दुसऱ्याच्या वतीने बोलणारा मध्यस्थ.

जीएनई, म्हणजे दरवाजा. कंट्रोल रूमची वायर इथे लागते. आतल्या नोडच्या वतीने हा बोलतो, पण लॅन आणि डीसीसी यांच्यात साधा आयपी ट्रॅफिक जाऊ देत नाही.

ईएनई, म्हणजे घरातला. लॅन आणि डीसीसी यांच्यात हाही काही जाऊ देत नाही. त्याच्या पोर्टला कुणी लॅपटॉप लावला, तर त्याला फक्त तोच एक नोड दिसतो. शेल्टरमध्ये ठेकेदाराची माणसं ये-जा करतात, तिथे हे बरंच.

फक्त प्रॉक्सी. दरवाज्यासारखाच बोलतो, पण फायरवॉल नसते.

आपल्या जाळ्यात पुणे, कोल्हापूर, नागपूर, अकोला हे जीएनई. सातारा, कराड, सांगली, सोलापूर, वर्धा, अमरावती हे ईएनई. नाशिक एकटंच, पण त्याच्यापर्यंत जाताना वाटेत नॅट (पाकिटावरचा पत्ता बदलून पुढे पाठवणारी सोय) असेल तर तिथेही प्रॉक्सी हवीच. कारण पुढच्या टप्प्यात सांगतो.

एका बेटाला दोन दरवाजे का, हे रिंगमध्ये पटकन पटत नाही, कारण रिंग तुटली तरी ओएसपीएफ उलट्या बाजूने वाट काढतं. पण त्या दिवशी साताऱ्याला माझ्या उपयोगाला आला असता तो कोल्हापूरचाच दरवाजा. साखळीत तर प्रश्नच नाही. वर्धा आणि अमरावतीच्या मध्ये फायबर तुटलं आणि दरवाजा फक्त नागपूरला असला, तर अमरावती आणि अकोला आंधळे. दोन दरवाजे एकाच इमारतीत ठेवू नका, हेही सांगायला लागतं म्हणून सांगतो.

सेटिंग करताना पुन्हा तोच नियम: दूरचा आधी, तुम्ही बसलाय तो शेवटी. नागपूरवरून लॉगिन असेल तर अकोला, अमरावती, वर्धा आणि सगळ्यात शेवटी नागपूर.

इशारा: एकाच लॅन स्विचवर लावलेल्या आणि एकमेकांशी डीसीसीने जोडलेल्या नोडची गेटवे सेटिंग सारखीच हवी. एकाच खोलीत दोन शेल्फ, एक जीएनई आणि एक ईएनई, दोघांच्या वायरी एकाच स्विचमध्ये, असं केलंत तर काय होईल याचा नेम नाही. कधी दिसतो, कधी नाही. ईएनईची वायर स्विचमधून काढून टाका. त्याला बाहेरच्या वायरीची गरजच नाही.

दोन बारीक गोष्टी, ज्या लगेच दिसत नाहीत पण महिन्याने छळतात. ईएनईची घड्याळं बाहेरच्या टाइम सर्व्हरकडे लावून उपयोग नाही, ती तिथे पोचणारच नाहीत. ती जीएनईकडे लावा आणि जीएनई बाहेरच्या सर्व्हरकडे. एसएनएमपी ट्रॅपचंही, म्हणजे नोड आपणहून पाठवतो त्या सूचनांचंही तसंच. ईएनईचे ट्रॅप जीएनईच्या ३९१ पोर्टकडे पाठवा, तो ते पुढे देतो. १६२ वर थेट पाठवले तर ते आतच विरून जातात आणि तुम्हाला वाटतं सगळं आलबेल आहे.

## टप्पा ४: बाहेरचा रस्ता

हे काम बहुतेक ठिकाणी आयटीवाल्यांकडे असतं, म्हणून त्यांना नेमकं काय मागायचं ते लिहून द्या. "ॲक्सेस द्या" असं मागितलं, तर ते पिंग सुरू करून देतात आणि झालं म्हणतात.

पीसीकडून पाच पत्त्यांपर्यंत जायची वाट आणि त्या पाचांकडून पीसीकडे परत यायची वाट. परतीचा विसर पडतो. जीएनईवर डिफॉल्ट राउटर भरलेला नसेल किंवा स्टॅटिक राउट नसेल, तर तुमचं पाकीट पोचतं, उत्तर येत नाही. फायरवॉलमध्ये पोर्ट ८० आणि सॉक्सचं पोर्ट १०८०, दोन्ही उघडी हवीत.

आता नॅटचा मुद्दा. प्रॉक्सी नसेल तेव्हा नोड स्वतःहून तुमच्या पीसीकडे उलट जोडणी करून अलार्म पाठवतो. मध्ये नॅट असेल तर तो पीसीचा खरा पत्ता शोधू शकत नाही. मग गंमत अशी होते, की लॉगिन होतं, नकाशा येतो, सगळं छान वाटतं, पण अलार्म येतच नाहीत आणि दर दोन मिनिटांनी जोडणी तुटून परत जुळते. या दोन मिनिटांच्या लयीवर नजर ठेवा. ती दिसली की दुसरं काही शोधू नका, त्या नोडवर प्रॉक्सी चालू करा. जोडणी जुळलेली असते तेवढ्या वेळात ते करता येतं, फक्त हात पटपट चालवावा लागतो.

आणि आता अकरापैकी पाचच का, ते. साताऱ्याचा १९२.१६८.६०.१२ हा पत्ता तुमच्या पीसीला माहीतच नाही. तो पुण्याच्या किंवा कोल्हापूरच्या दरवाज्यातूनच दिसतो. तो ग्रुपमध्ये टाकलात तर जिथे रस्ताच नाही अशा पत्त्याचं दार वाजवणं होतं. दरवाज्यातून आत गेलात की सातारा न सांगता समोर येतो.

तपासा: कंट्रोल रूमच्या पीसीवरून पाचही पत्त्यांना पिंग. मग ब्राउझरमधून एकेकाचं पान उघडतं का, हे पाहा. पिंग होतं पण पान उघडत नाही, याचा अर्थ पोर्ट बंद आहे, नोड नाही.

## टप्पा ५: युजर सगळीकडे सारखा

सीटीसी एकदाच युजरनेम आणि पासवर्ड विचारतो आणि तेच घेऊन प्रत्येक नोडकडे जातो. एखाद्या नोडवर तुमचा युजर नसेल किंवा पासवर्ड वेगळा असेल, तर तो नोड नकाशावर दिसेल, पण आत जाता येणार नाही.

नेटवर्क व्ह्यूमधून प्रोव्हिजनिंग, सिक्युरिटी, युजर्स, क्रिएट. इथे युजर एकदाच लिहून खाली कोणकोणत्या नोडवर हवा ते निवडता येतं. नोडवर जाऊन एकेक करत बसू नका, अकरा वेळा टाइप केलेल्या पासवर्डात एकदा तरी चूक होते. पासवर्ड बदलतानाही इथूनच, नाहीतर तीन महिन्यांनी पासवर्डांची खिचडी होते.

पातळ्या चार: रिट्रीव्ह, मेंटेनन्स, प्रोव्हिजनिंग, सुपरयुजर. रोज नुसतं बघणाऱ्याला रिट्रीव्ह पुरे. सुपरयुजर पंधरा मिनिटं काही केलं नाही की बाहेर पडतो, प्रोव्हिजनिंगवाला तीस मिनिटांनी, मेंटेनन्सवाला साठ मिनिटांनी. रिट्रीव्हला मर्यादा नाही. या मूळ सेटिंग आहेत. "सारखं लॉगआउट होतंय, लिंक खराब आहे" अशी तक्रार आली, की आधी हे विचारा की तुम्ही चहाला गेला होतात का.

पहिल्या लॉगिनसाठी आलेल्या सिस्को१५ या युजरचा पासवर्ड अजून तोच असेल, तर तो आजच बदला.

## टप्पा ६: आता ग्रुप

इतकं झाल्यावर हे काम पाच मिनिटांचं.

1. सीटीसीमध्ये एडिट, मग प्रेफरन्सेस.
2. 'लॉगिन नोड ग्रुप' हा टॅब. तिथे 'क्रिएट ग्रुप'.
3. नाव द्या. 'ग्रुप१' नको. 'महाराष्ट्र-दरवाजे' असं काहीतरी, वाचून कळेल असं.
4. मेंबर्समध्ये एकेक पत्ता लिहा आणि 'ॲड' दाबा. पुणे, कोल्हापूर, नागपूर, अकोला, नाशिक.
5. ओके.
6. सीटीसी बंद करून नव्याने लॉगिन करा. लॉगिनच्या खिडकीत 'ॲडिशनल नोड्स'च्या यादीत तुमचा ग्रुप दिसेल. तो निवडा.

सहावी पायरी विसरून, ग्रुप केल्यावर त्याच चालू सेशनमध्ये नोड शोधणारे बरेच आहेत. पुढच्या लॉगिनलाच तो कामाला येतो.

ग्रुप हवे तेवढे करा. मी दोन ठेवतो. एक हा रोजचा. दुसरा 'मागचे-दरवाजे', ज्यात फक्त कोल्हापूर आणि अकोला. पुण्याच्या बाजूचं काही कोसळलं की तो थेट वापरायचा, तेव्हा विचार करत बसायला वेळ नसतो.

हा ग्रुप फक्त तुमच्या पीसीवर असतो. विंडोजमध्ये तो युजरच्या फोल्डरमधल्या सीटीसी.आयएनआय या फाइलमध्ये साठतो. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला तो दिसत नाही. लॅपटॉप फॉरमॅट झाला की गेला. तयारीत केलेला तक्ता सगळ्यांना दिसेल अशा जागी ठेवा.

याच्याशी लोक 'डोमेन'ची गल्लत करतात. नेटवर्क व्ह्यूच्या नकाशावर अनेक नोड एका चिन्हाखाली गोळा करायचे ते डोमेन. त्याचा लॉगिनशी काही संबंध नाही, ती नकाशाची आवराआवर आहे. आणि ग्रुपच्या उलट, एकाने केलेलं डोमेन मूळ सेटिंगमध्ये सगळ्यांना दिसतं. एका नव्या मुलाने सराव म्हणून 'टेस्ट टेस्ट' नावाच्या डोमेनमध्ये आख्खा विदर्भ टाकला होता. रात्रपाळीवाल्याला वाटलं चार नोड गेले.

## टप्पा ७: आकड्यांनी चाचणी

"दिसतंय सगळं" ही चाचणी नव्हे. मोजा.

लॉगिनच्या खिडकीत 'डिसेबल नेटवर्क डिस्कव्हरी' असा चौकोन आहे. पुण्यावर लॉगिन, ग्रुप निवडलेला, आणि हा चौकोन टिक केलेला. नकाशावर नेमके पाच नोड यायला हवेत. चार आले, तर जो आला नाही त्याचा बाहेरचा रस्ता बंद आहे: टप्पा चार.

आता बाहेर पडा आणि तोच चौकोन टिक न करता लॉगिन करा. अकरा यायला हवेत. पाच आले आणि सहा नाहीत, तर आतली वाट किंवा गेटवे: टप्पा दोन आणि तीन. अकरा दिसतात पण एखाद्यात शिरता येत नाही, तर युजर: टप्पा पाच. बिघाड कुठल्या थरात आहे, हे या दोन लॉगिनमध्ये कळतं. मी तर तक्रार आली की फोनवर आधी हेच दोन आकडे मागतो.

तिसरी चाचणी बहुतेक जण टाळतात. पुण्याच्या जीएनईची लॅन वायर काढायला सांगा, फायबर नव्हे, लॅन. आणि 'मागचे-दरवाजे' वापरून कोल्हापूरवरून आत जा. पुणे आतल्या वाटेने दिसलं पाहिजे. दिसलं नाही, तर तुमचा दुसरा दरवाजा नुसता कागदावर आहे.

## चाचणीनंतर अडलं तर

मधेच 'डिसकनेक्टेड' येतं. एकाच बेटातले सगळे नोड एकदम गेले तर दरवाजा बघा. एकच गेला तर तो नोड. साखळीत एका जागेपलीकडचे सगळे गेले, तर तिथली लिंक.

सकाळी चालतं, दुपारी लॉगिन होत नाही. एका नोडवर एकाच वेळी किती सीटीसी सेशन चालतील, याला मर्यादा आहे. जुन्या आवृत्त्यांत नेटवर्क-पातळीची चार आणि नोड-पातळीचं एक. सगळी टीम पुण्यावरूनच शिरत असेल, तर पाचवा माणूस अडणारच. निम्म्यांना कोल्हापूरवरून लॉगिन करायची सवय लावा. नुसता एकच नोड बघायचा असेल, तर डिस्कव्हरी बंद करून जा.

लॉगिन खूप हळू. सर्किट बघायची नसतील, तर लॉगिनच्या खिडकीतच सर्किट मॅनेजमेंट बंद करता येतं. फरक जाणवतो. आणि ग्रुपमध्ये ईएनईचे पत्ते राहिलेत का, ते पुन्हा एकदा बघा.

नवा नोड आला. कराड आणि कोल्हापूरच्या मध्ये इस्लामपूरला शेल्फ बसलं, तर ते ईएनई होईल, १९२.१६८.६०.० मधला पत्ता घेईल आणि न सांगता नकाशावर येईल. ग्रुपला हात लावायचा नाही. नाशिकपर्यंत उद्या पुण्याहून डीडब्ल्यूडीएम लिंक झाली, तर नाशिक रिंगच्या बेटात येईल. ओएससी सुरू झाली आणि पुण्यावरून नाशिक आपोआप दिसायला लागलं, की ते ईएनई करायचं, त्याची लॅन वायर काढायची आणि त्याचा पत्ता ग्रुपमधून खोडायचा. तक्त्यातली नोंदही बदलायची, त्याच दिवशी.